पुण्याला कशासाठी?

आमच्या जळगाव जामोदात एका गोष्टीवर सगळ्या पक्षांचं, सगळ्या जातींचं आणि सगळ्या थरांचं एकमत आहे. पोराला घडवायचं तर त्याला गावाबाहेर काढलं पाहिजे. दहावी झाली की लातूर, हात थोडा सैल असेल तर कोटा, पदवी झाली की पुणे. ‘पोराले पुण्याले टाकलं’ हे वाक्य लोक आता ज्या समाधानाने म्हणतात, त्या समाधानाने पूर्वी ‘पोरगं नोकरीले लागलं’ म्हणत. म्हणजे नुसतं टाकणं हेच फळ होऊन बसलं आहे. टाकल्यावर पुढे काय झालं हे विचारणारा माणूस आगाऊ ठरतो.

शास्त्रार्थात पूर्वपक्ष लुळा करून मांडायचा आणि मग तो खोडायचा, ही लबाडी आहे. म्हणून समोरच्यांचं म्हणणं आधी पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. ते म्हणतात, इथल्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायला माणूस नाही. जो आहे तो तासिका तत्त्वावर आहे आणि दिवाळीनंतर दिसेलच याचा भरवसा नाही. प्रॅक्टिकल वहीत होतात. शेजारच्या बाकावरचं पोरगं अभ्यास करत नाही, मग आपलं कशाला करील? पुण्यात पहाटे पाचला अभ्यासिकेत जागा मिळत नाही, तिथे आळशीसुद्धा लाजेकाजेने वाचायला बसतो. तिथे बोलायला शिकतो, चार माणसं भेटतात. आणि शेवटचा, सगळ्यात बोचरा मुद्दा: शिकून गावात राहिलेल्याचं काय होतं ते पाहा. आपल्याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ साली साहित्य अकादमी मिळालं. त्यातला एकनाथ चांगला शिकलेला आहे, पण नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत म्हणून शेतात अडकून कुढतो. आपल्या पोराचा एकनाथ व्हावा असं कोणत्या बापाला वाटेल?

यातला एकही मुद्दा बनावट नाही. तरीही निष्कर्ष चुकीचा आहे.

माझा पक्ष असा. गाव कोणाला शिकवत नाही, शिक्षक शिकवतो. ज्याच्या हातात नेमक्या जागेचं प्रवेशपत्र आहे, त्याने पुण्यालाच काय, परदेशी जावं आणि बापाने त्यासाठी कर्ज काढावं. माझा विरोध आहे तो प्रवेश नसताना ‘वातावरणासाठी’ जाण्याला, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी जाण्याला. आमच्या तालुक्यातून बाहेर पडणाऱ्या मुलांत या दोन प्रकारचीच भरती मोठी आहे.

‘बाहेर जा’ हा सल्ला एके काळी शंभर टक्के खरा होता, हे आधी मान्य करू. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात, पण अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज निघालं १९२३ साली. त्याआधी इथल्या मुलाला पदवी घ्यायची तर नागपूरचं हिस्लॉप किंवा मॉरिस, नाहीतर पुणे-मुंबई. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख फर्ग्युसनला गेला तो हौसेने नव्हे, कॉलेज तिथे होतं म्हणून. तिथून एडिंबरा, ऑक्सफर्ड, वेदवाङ्मयातल्या धर्मकल्पनांवर प्रबंध, बॅरिस्टरी. आणि परत येऊन त्यांनी काय केलं? अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवलं आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. आपल्याला जी पायपीट करावी लागली ती पुढच्या पोराला करावी लागू नये, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे १९६९ मध्ये अकोल्याला त्यांच्याच नावाचं कृषी विद्यापीठ झालं, १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ आणि त्याच वर्षी शेगावचं अभियांत्रिकी महाविद्यालय, २००२ मध्ये अकोल्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. शंभर वर्षांत नकाशा बदलला. सल्ला तोच राहिला.

आता लातूर आणि कोटा ही दोन नावं घेऊ. बाहेर जाण्याच्या बाजूने तीच सगळ्यात जास्त पुढे केली जातात आणि माझ्या मते तीच त्या बाजूच्या विरोधात साक्ष देतात.

लातूर हे काही पुणे-मुंबई नव्हतं. मराठवाड्यातला दुष्काळी भाग, पाण्याची बोंब, त्यात १९९३ चा किल्लारीचा भूकंप. तिथे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं, जनार्दन वाघमारे पहिले प्राचार्य. पुढे त्या कॉलेजात आणि मग दयानंदसारख्या शेजारच्या संस्थांत शिक्षकांनी एक शिस्त बसवली: अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, जादा तास घ्यायचे, चाचणीवर चाचणी, प्रत्येक पेपर तपासून मुलाच्या हातात आणि चूक त्याच्यासमोर. हाच तो ‘लातूर पॅटर्न’. त्यात विमानतळ नव्हता, आयटी पार्क नव्हता, ‘एक्स्पोजर’ नव्हतं. ठरवून शिकवणारे शिक्षक होते आणि त्यांना शिकवू देणारी संस्था होती.

कोट्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. जे. के. सिंथेटिक्सच्या कारखान्यात व्ही. के. बन्सल नावाचे इंजिनिअर होते. स्नायूंचा आजार बळावत चालला, हिंडणं-फिरणं कमी झालं, म्हणून त्यांनी ऐंशीच्या दशकात घरातल्या टेबलाभोवती चार पोरांना गणित शिकवायला घेतलं. १९९१ मध्ये बन्सल क्लासेस. १९९७ च्या सुमारास तो कारखानाही बंद पडला. चंबळकाठच्या एका औद्योगिक गावाची कळा गेली आणि क्लासचं शहर उभं राहिलं. म्हणजे दोन्हीकडे क्रम असा आहे: आधी शिक्षक, मग नाव, मग गर्दी, मग मेस आणि लॉज. आपण शेवटच्या पायरीवर जाऊन उभे राहतो आणि त्या गर्दीलाच पहिली पायरी समजतो. आणि जे लातूरसारख्या गावात जमलं ते सातपुड्याच्या पायथ्याशी जमत नाही, असा निसर्गनियम कोणी सांगितला?

यावर लोक फ्लेक्सकडे बोट दाखवतात. निकालानंतर चौकात लागलेला तो बोर्ड: हारांच्या चौकटीत तीस चेहरे, खाली गुण, वर क्लासचं नाव. ‘हे बघा, हे लागले.’ लागले ना. पण त्या क्लासला एकूण किती बसले होते, ते बोर्डावर नसतं. भेंडवळ आपल्याच तालुक्यातलं. अक्षय्य तृतीयेला तिथे घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिकापाण्याचं भाकीत सांगतात. त्यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण पिकाच्या अंदाजासाठी तिथे निदान अठरा धान्यं मांडतात. पोराच्या अंदाजाला आपल्याला एक फ्लेक्स पुरतो.

नामांकित ठिकाणी शिकलेले पुढे जातात, हे खरं. प्रश्न असा की त्यांना त्या ठिकाणाने पुढे नेलं, की जे पुढे जाणारच होते त्यांना त्या ठिकाणाने आत घेतलं? अमेरिकेत यावर काळजीपूर्वक काम झालं आहे. बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये काही सरकारी शाळांत प्रवेशपरीक्षा देऊनच जाता येतं आणि आईबाप त्यासाठी जिवाचं रान करतात. जोशुआ अँग्रिस्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कटऑफच्या किंचित वर असलेली मुलं आणि किंचित खाली राहिलेली मुलं यांची तुलना केली. हुशारीत सारखीच, फक्त एकाला दार उघडलं, दुसऱ्याला नाही. पुढच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक निघाला नाही. २०१४ च्या त्या निबंधाचं नावच ‘उच्चभ्रू भ्रम’ अशा अर्थाचं आहे. अँग्रिस्टना २०२१ मध्ये नोबेल मिळालं ते अशाच ‘कारण कोणतं, योगायोग कोणता’ हे वेगळं काढण्याच्या पद्धतींसाठी.

त्याआधी २००२ मध्ये स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी कॉलेजांबद्दल हेच पाहिलं. मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळूनही जे साध्या कॉलेजात गेले, त्यांची पुढची कमाई मोठ्या कॉलेजात गेलेल्यांच्या जवळपास होती. पण त्याच निबंधात माझ्या विरोधात जाणारी एक गोष्ट आहे आणि ती झाकून पुढे जाणं मला जमणार नाही: गरीब घरांतल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजचा खरा फायदा झाला. ज्यांच्या घरात ओळखी नाहीत, त्यांना कॉलेजने ओळखी दिल्या. आमच्या तालुक्यातली बहुतेक घरं याच वर्गातली. मग माझा पक्ष पडला का?

पडला नाही, उलट नेमका झाला. डेल-क्रूगर बोलतात ते निवड होऊन प्रवेश मिळालेल्या कॉलेजबद्दल. शिवारातल्या मुलीला बी. जे. मेडिकलला किंवा सीओईपीला जागा मिळाली तर तिने जावंच, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढून पाठवावं. पण सदाशिव पेठेतली कॉट आणि शास्त्री रस्त्यावरची अभ्यासिका ही निवड नव्हे. तिथे भाडं भरणारा कोणीही बसू शकतो. त्या दोन गोष्टींना ‘पुण्याला शिकतो’ असं एकच नाव दिल्यामुळे सगळा घोळ झाला आहे.

त्या कॉटचा हिशेब एकदा वऱ्हाडी मापात करून पाहू. कॉट, दोन वेळची मेस, अभ्यासिका, येणं-जाणं, फॉर्म आणि झेरॉक्स, असं मिळून क्लासची फी सोडून महिन्याला बारा हजार धरा. वर्षाचे १,४४,००० झाले. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे एकोणीस क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल पडला तर माणूस देवाला नारळ फोडतो. म्हणजे चार एकरांचं आख्खं पीक, तेही बियाणं, फवारणी, निंदण आणि वेचाई वजा न करता. पोरगा तिथे तीन वर्षं राहिला, आणि तीन वर्षं म्हणजे तिथे काहीच नाही, तर हिशेब तुम्हीच पुढे न्या.

एवढं घालून मिळतं काय? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला सुमारे १० लाख १६ हजार अर्ज आले, प्रत्यक्ष बसले सुमारे ५ लाख ९२ हजार आणि निवड झाली १,०१६ जणांची. राज्यसेवेत प्रमाण वेगळं, पण जात तीच. पुण्यात राहिल्याने जागा वाढत नाहीत. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका बुलढाण्यात आणि पुण्यात एकच असते. एक गोष्ट मात्र पुण्याच्या खात्यावर मांडली पाहिजे: ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्व आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा पोरं पुण्याच्या रस्त्यावर बसली आणि आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली. विखुरलेल्या मुलांना हे जमलं नसतं. शिवाय मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, उत्तर लिहून कोणाकडून तरी तपासून घ्यावं लागतं. म्हणून पूर्व पास झालेल्याने सहा महिने जावं, हे मला पटतं. पूर्वपरीक्षेचा पहिला अर्ज भरण्याआधी सामान बांधणं पटत नाही.

अकरावीच्या पोराचा मामला याहून नाजूक आहे. कोट्यात २०२३ या एका वर्षात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असं म्हटलं. सरकारला हे लेखी सांगावं लागलं यात सगळं आलं. त्यात आपल्याकडचा एक खास प्रकार आहे: नाव तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात, मुलगा अकोल्याच्या नाहीतर लातूरच्या क्लासमध्ये. हजेरीपटावर शंभर, वर्गात सात. शिक्षकाने सात जणांसाठी प्रयोगशाळा कशाला उघडायची? मग मुलं म्हणतात प्रयोग होत नाहीत. मग आणखी मुलं जातात. कालांतराने नावंही जातात, तुकडी जाते, तुकडीबरोबर शिक्षकाचं पद जातं. इथे चांगलं कॉलेज नाही म्हणून मुलं जातात हे जितकं खरं, तितकंच मुलं जातात म्हणून कॉलेज चांगलं राहत नाही हेही खरं. आणखी एक बारकी गोष्ट बाप लोक विसरतात. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशात ‘गृह विद्यापीठ’ धरून काही जागा राखल्या जात आल्या आहेत आणि ते विद्यापीठ ठरतं बारावी कुठून दिली यावरून. यंदाची माहितीपुस्तिका उघडून आपल्या मुलाचं गणित त्यात कुठे बसतं ते आधी पाहावं, मग बारावीचं गाव ठरवावं.

दोन आक्षेपांपुढे मात्र मी नमतं घेतो.

पहिला मुलींचा. मुलाने घरी राहून शिकणं आणि मुलीने घरी राहून शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या अनेक घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे. पण घरी राहिलेल्या मुलीला बारावीनंतर पहिलं पत्र येतं ते बायोडाटा मागणारं. तिच्यासाठी वसतिगृहाची खोली हेच अर्धं शिक्षण आहे. मुलगी म्हणाली ‘मला जायचं आहे’, तर हा लेख तिला दाखवू नका.

दुसरा आक्षेप जातीचा. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणात खेड्याबद्दल किती कठोर शब्द वापरले ते ठाऊक असलेल्याला ‘गावातच राहा’ हा उपदेश गोड लागणार नाही, लागूही नये. ज्याला गावात आडनावावरून जागा दाखवली जाते त्याला शहराची अनोळखी गर्दी म्हणजे मोकळी हवा असते. पण कोलंबिया आणि लंडन पाहून आलेल्या त्याच माणसाने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढल्यावर पुढचं मोठं कॉलेज १९५० मध्ये औरंगाबादेत काढलं, मागासलेल्या मराठवाड्यात. सगळ्यांनी मुंबईला या, असं ते म्हणाले नाहीत. खेडं सोडणं आणि महानगर गाठणं यांच्या मधे जिल्ह्याचं ठिकाण असतं. त्या नकाशात अकोला आहे, अमरावती आहे, खामगाव-शेगाव आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी असलेल्या स्वाधार योजनेत पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये मिळतात. वरच्या सतरा हजारांत पुण्यातलं जादा भाडं निघत नाही, हे तिथे राहणारं कोणतंही पोरगं सांगेल.

‘वातावरण’ या शब्दाबद्दल थोडं. ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करत राहिले आणि तिथूनच लिहिलेल्या ‘शीळ’ने मराठी भावगीताला वळण दिलं, १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी मिळालं तेव्हाही ते मेहकरचेच होते. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, मान्य. पण ते फ्लेक्सवरच्या तीस चेहऱ्यांनाही लागू करा म्हणजे झालं.

मग पुण्याला कशासाठी जावं? याचं सर्वांत चांगलं उत्तर आमच्याच तालुक्यात आहे. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या सातपुड्याच्या कडेच्या गावांत निहाली बोलणारी माणसं राहतात. जगात जेमतेम दोन-अडीच हजार. ही भाषा ना मराठीच्या कुळातली, ना द्रविड, ना शेजारच्या कोरकूच्या कुळातली. भाषाशास्त्रज्ञ तिला एकाकी भाषा मानतात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात १९०६ साली तिची नोंद झाली. हॉलंडमधल्या लायडनच्या कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. आशा मुंडले यांनी जमवलेला शब्दसंग्रह १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना शैलेंद्र मोहन यांनी तिच्यावर काम केलं. म्हणजे पुण्याचे विद्वान शिकायला जळगाव जामोदला येतात आणि जळगाव जामोदची पोरं ‘इंग्लिश स्पीकिंग’साठी पुण्याला जातात.

या तालुक्यातली एखादी मुलगी, आणि ती निहाली घरातली असेल तर फारच उत्तम, भाषाशास्त्र शिकायला डेक्कन कॉलेजात गेली तर तिचं जाणं शंभर नंबरी खरं. तो विषय इथे नाही, तो शिकवणारा माणूस तिथे आहे, आणि शिकून पाहायचं ते तिच्या अंगणात आहे. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातल्या पाण्यावर आणि मातीवर काम करायचं असेल तर अकोल्याचं कृषी विद्यापीठ जवळ आहे. संत्र्याच्या झाडाच्या रोगावर करायचं असेल तर नागपूरची लिंबूवर्गीय संशोधन संस्था. आणि महानुभावांच्या जुन्या मराठीचा अभ्यास करायचा तर पुणेकरालाच आता अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठात यावं लागेल. विषय आधी ठरला की गाव आपोआप ठरतं. आपण उलटं करतो: गाव आधी ठरवतो आणि विषय तिथे गेल्यावर रूममेट सांगतो तो घेतो.

अकरावीचे प्रवेश तोंडावर आले की पालकांनी क्लासच्या काउंटरवर जाण्याआधी एक काम करावं. इथल्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन विचारावं की भौतिकशास्त्र कोण शिकवणार, ते पद भरलेलं आहे का, आणि प्रयोगशाळेचं कुलूप मागच्या वर्षी किती वेळा उघडलं. उत्तर धड मिळालं नाही तर एकट्याने लातूरची गाडी पकडू नये. असेच वीस पालक गोळा करावेत आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या दारात बसावं. शिक्षक मिळेपर्यंत उठू नये. नगरपरिषदेकडे रात्री बारापर्यंत उघडी राहणारी, मुलींना सुरक्षित अशी अभ्यासिका मागावी. एका पोराच्या पुण्यातल्या वर्षाच्या खर्चाचा दहावा हिस्सा जरी अशा वीस घरांनी दिला तरी १४,४०० गुणिले वीस, म्हणजे २,८८,००० रुपये होतात. तेवढ्यात एका चांगल्या शिक्षकाचं वर्षाचं मानधन निघतं.

यंदा मागा.